देवघरातली कवटी

हिंमतरावांच्या घरातून कलशनाथ महाराज बाहेर आले, त्यांनी हात वर केला आणि अंगणातली दीड-दोनशे माणसं एकदम गप्प झाली. महाराजांच्या हातात तांब्याचा कलश होता. आदल्या दिवशी हाच कलश त्यांनी सगळ्या गावासमोर लिंबाच्या फोडीनं घासून लख्ख केला होता आणि मंत्र म्हणत घरात ठेवला होता. आता तो तव्याच्या पाठीसारखा काळा दिसत होता.

"पाहा भक्तहो, पाहा!" महाराजांनी कलश चारी दिशांना फिरवला. "हा काळोख कलशाचा नाही. हा त्याच्या श्वासाचा आहे. या वास्तूत एक अतृप्त बसलेला आहे आणि तो रात्रंदिवस श्वास सोडून राहिला आहे!"

"कोण आहे महाराज?" कोणीतरी घाबरत विचारलं.

"नाव घेऊ नये. नाव घेतलं की ते ओ देते."

हे ऐकून पुढच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागं सरली. मागच्यांना काही दिसत नव्हतं म्हणून ते पुढं रेटत होते. या रेटारेटीत एका म्हातारीची चप्पल तुटली. तीही भुतानंच तोडली, असं संध्याकाळपर्यंत पक्कं झालं.

आमचं गाव अमडापूरच्या पलीकडं, तीन किलोमीटरवर. या गावाच्या शाळेत मी पस्तीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे, पण रविवारी सकाळी पोरं जमवून छोटे छोटे प्रयोग करतो. हिंमतरावांची नात मयुरी, चौथीतली, या वर्गात सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी. त्या रविवारी ती आली नव्हती. म्हणून मी तिच्या घरी गेलो, तर तिथं ही जत्रा भरलेली.

गावाला शंका नव्हती, कारण पुरावे भरपूर होते. आठवडाभरात त्या घरात तीन उंदीर देवघरासमोर येऊन मेले होते. मयुरीच्या पायातले चांदीचे पैंजण काळे पडले होते. नवा पंखा घरघर करून बंद पडला होता. सगळ्यांचं डोकं दुखत होतं आणि मयुरीला तर उलट्यांवर उलट्या होत होत्या. तिला चिखलीला मामाकडं नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पोट बिघडल्याच्या गोळ्या दिल्या. मामाकडं दोन दिवस ती टुणटुणीत होती, भाकरी मागून खात होती. शनिवारी घरी आणली आणि रात्रीपर्यंत पुन्हा आडवी. आज सकाळी तर घरातलं मांजरीचं पिल्लू गव्हाच्या पोत्यांवर मरून पडलेलं सापडलं.

"घराबाहेर बरी, घरात बिमार," मयुरीचे वडील चंद्रशेखर मला म्हणाले. "आता याले काय म्हणावं, गुरुजी? तुमच्या सायन्समध्ये हे बसते काय?"

"बसतंय की," मी म्हणालो. "घरात काहीतरी आहे."

"तेच तं महाराज म्हणून राह्यले!"

खरं होतं. महाराज आणि मी, दोघंही एकच वाक्य बोलत होतो. फरक पुढच्या प्रश्नात होता. मी विचारणार होतो, काय आहे? ते म्हणत होते, विचारू नये.

हे महाराज शुक्रवारी आले. भक्त सांगत होते, ते हिमालयातून आले. त्यांना घेऊन आलेला जीपवाला सांगत होता, चिखलीच्या स्टँडवरून आले आणि रस्त्यात दोनदा भजी खायला उतरले. त्यांची पद्धत मात्र मोठी पक्की होती. घरात कलश ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो चकचकीत राहिला, तर महाराजांच्या पुण्याईनं पीडा पळाली. काळा पडला, तर पीडा जबर आहे, मोठा विधी लागेल. कलशानं काहीही केलं तरी महाराज पास. आमच्या परीक्षांना अशी सोय असती, तर एकही पोरगं नापास झालं नसतं.

"आज दिवस मावळायच्या आत घरबंधन!" महाराजांनी घोषणा केली. "घरातली पाचही माणसं आत बसतील. दारं, खिडक्या, झरोके, सगळं शेणमातीनं लिंपून बंद करायचं. माझं तीर्थ कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडायचं. उद्या सूर्य उगवेपर्यंत दार उघडायचं नाही. दिशा बांधल्या, वारा बांधला, श्वास बांधला! फट्!"

शेजारच्या बाया शेणमाती कालवायलाही बसल्या होत्या.

मयुरी ओसरीवर बाजेवर पडली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. तिची आई प्रेरणा उशाशी बसून तिच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती. मी बाजेच्या कडेला बसलो.

"काय गं, आज प्रयोगाला आली नाहीस?"

"गुरुजी," ती बारीक आवाजात म्हणाली, "माह्याच घरात प्रयोग चालू आहे ना."

एवढ्या आजारात पोरगी विनोद करत होती. मला हसू आलं.

"बरं, मग निरीक्षण सांग. आपण वर्गात कसं सांगतो? जे दिसलं ते, जे वाटलं ते नाही."

तिनं गव्हाच्या खोलीकडं बोट केलं. मग म्हणाली, "भुताले लसणाचा वास येते."

"म्हणजे?"

"मी गव्हाच्या खोलीच्या भिंतीपाशी झोपते ना. तथी लसणासारखा वास येते. कोणी लसूण खाल्लं नाई तरी. अन् काल महाराजांनी गव्हावर तीर्थ शिंपडलं, त्याच्यानंतर लईच वाढला."

"किती शिंपडलं?"

"बादलीभर. म्हणे भूत अन्नात शिरलं."

"अजून काय पाहिलंस?"

मयुरीनं आईकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आज सकाळी कलश काळा दिसला ना, तवा सगळ्यांत आधी महाराजच घाबरले. हातातून पाडून राह्यले होते. त्याईनं आधी कधी काळा पाह्यलाच नव्हता, गुरुजी."

मी पस्तीस वर्षं शिकवलं ते फुकट गेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. दोनशे माणसं कलशाकडं पाहत होती. ही एकटी पोरगी महाराजांच्या तोंडाकडं पाहत होती.

मी उठून घरात डोकावलो. पुढं देवघराची खोली, त्याला लागून मधली, आणि मागं गव्हाची. मधल्या आणि गव्हाच्या खोलीमधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नाही, वर हातभर मोकळी आहे. आमच्याकडं बहुतेक घरांत असंच असतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दारातच त्या वासाचा भपकारा आला आणि मी लगेच मागं फिरलो.

हिंमतराव दाराशी हात जोडून उभे होते. साठीचा कष्टाळू माणूस, पण आठ दिवसांत खचला होता.

"हिंमतराव, यंदा गव्हात काय टाकलं?"

"गोळ्या टाकल्या की, गुरुजी. दरसाल निंबाचा पाला टाकत होतो, तरी सोंडे लागत होते. औंदा दुकानदार म्हणे, या गोळ्या टाका, किडा औषधाले सापडणार नाई."

"कधी टाकल्या?"

"मागच्या सोमवारी. पोटल्या बांधून पोत्या-पोत्यात घातल्या."

"किती?"

हिंमतरावांची छाती थोडी फुगली. "दुकानदार म्हणे, पोत्याले एक. मी चार चार टाकल्या. काम पक्कं व्हावं म्हणून."

सोमवारी गोळ्या टाकल्या. मंगळवारी उंदीर मेले. बुधवारी मयुरीला उलट्या सुरू झाल्या. मला आणखी पुरावा नको होता. मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन अमडापूरला दवाखान्यात असलेल्या डॉक्टर धम्मशीलेला फोन लावला. लहानपणी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा आवाज एकदम बदलला. "गुरुजी, पोरीला आत्ताच्या आत्ता मोकळ्या हवेत आणा. सगळ्यांनाच बाहेर काढा. आणि आत पाण्याचा एक थेंबही टाकू देऊ नका. त्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू भराभर सुटतो. या विषावर उतारा नाही, लक्षात घ्या. मी गाडी पाठवते."

उतारा नाही. आणि इकडं दारं लिंपायची तयारी चाललेली, तीर्थाची बादली भरून ठेवलेली.

मी सरळ अंगणाच्या मध्यावर गेलो.

"महाराज, हे बंधन होणार नाही."

महाराजांनी डोळे मिटले. "कोण बोलतंय?"

"मी गावचा मास्तर. त्या खोलीत गव्हाच्या गोळ्यांचा विषारी वायू भरलाय. कलश, पैंजण त्यानंच काळे पडले, पंखाही त्यानंच बंद पडला. दारं बंद केली तर ही माणसं सकाळी उठणार नाहीत."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक तरुण ओरडला, "गुरुजी, गोळ्या तं अर्धं गाव टाकते! मंग आमच्या घरी भूत काऊन नाई?"

"तुम्ही कुठं टाकता? गोदामात, की झोपायच्या खोलीला लागून?"

"कोठ्यात. घरापासून लांब."

"किती?"

"एकच." तो थोडा विचारात पडला. "अन् पाणी नाई शिंपडत आम्ही."

महाराजांनी ओळखलं की हवा फिरतेय. ते मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, तुम्ही पुस्तकं वाचली. मी अदृश्य वाचतो. आत जे बसलंय ते मला ओळखतं!"

"मग फार बरं झालं," मी म्हणालो. "बंधनाच्या वेळी तुम्हीही आत बसा. ओळखीचं आहे म्हणता, तर रात्रभर गप्पा होतील."

गर्दीतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मी आत बसलो, तर ते पळून जाईल!" महाराज गरजले.

"मग जाऊ द्या की पळून! हिंमतरावांनी तुम्हाला दुसरं कशाला बोलावलंय?"

आता हसू आवरेना. शेणमाती कालवणारी एक बाई हात तसेच भरलेले ठेवून म्हणाली, "खरंच की वं! त्यानं पळावं म्हणूनच तं हे सारं चाललं आहे. मंग महाराजच काऊन नाई बसत आत?"

महाराज म्हणाले, "माझी वेळ झाली. मला संध्यास्नान आहे."

"स्नान उद्या करा ना महाराज," मघाचा तरुण म्हणाला. "आमच्याकडं तं पाणीच दोन दिवसाआड येते."

पण हिंमतराव अजून हलले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "गुरुजी, तुमचं म्हणणं खोटं निघालं अन् माह्या नातीले काही झालं तं? महाराज म्हणतात, आजची वेळ टळली तं ते पोरीले घेऊन जाईल."

तेवढ्यात प्रेरणा उठली. तिनं मयुरीला खांद्यावर घेतलं, सासऱ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, माही पोरगी चिखलीले दोन दिवस कोणत्याच बंधनाशिवाय बरी होती. काल तिले घरी काऊन आणलं? महाराज म्हणले, जिले धरलं ते घरात पाह्यजे म्हणून आणलं. अन् आणल्यावर ती पडली. मले एवढंच समजते. मी चालली."

आणि ती चालू लागली. गर्दीनं आपोआप वाट दिली. निंबाखालून, रस्त्यावर, मोकळ्या वाऱ्यात. तिच्या मागं चंद्रशेखर, मग मयुरीची आजी अन्नपूर्णाबाई, आणि शेवटी हिंमतरावही. मयुरी रस्त्याच्या कडेला दोन वेळा ओकली. दहा मिनिटांत गाडी आली.

तिला तीन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डॉक्टर धम्मशीला मला नंतर म्हणाली, "गुरुजी, रात्रभर ती बंद घरात राहिली असती, तर मी काहीही करू शकले नसते." हे त्या पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली.

सोमवारी कृषी सहायक आले. त्यांनी घराची सगळी दारं-खिडक्या उघडायला लावली आणि दिवसभर कोणाला आत जाऊ दिलं नाही. तोंडाला रुमाल बांधून आत जायला निघालेल्या चंद्रशेखरला त्यांनी अडवलं. रुमालानं धूळ अडते, हा वायू अडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः योग्य मुखवटा घालून पोती बाहेर काढवून घेतली आणि गावापासून दूर खळ्यावर ताडपत्रीखाली ठेवली.

तुम्हाला वाटेल, महाराज पळाले असतील. छे! ते मारुतीच्या पारावर मुक्कामाला गेले आणि सांगू लागले, "माझ्या तपानंच ते घरातून निघालं. आता पोत्यांत शिरलंय."

मला हे फार आवडलं. असं ठाम विधान केलं की तपासता येतं.

गुरुवारी मयुरी घरी येणार होती. बुधवारी संध्याकाळी माझ्या वर्गातल्या पोरांनी आपापल्या घरून तांब्याचेच तीन तांबे आणले. चिंच लावून लख्ख घासले. एक हिंमतरावांच्या गव्हाच्या रिकाम्या खोलीत ठेवला. दुसरा मारुतीच्या पारावर, महाराजांच्या उशाशी. तिसरा कृषी सहायकांनी खळ्यावर पोत्यांजवळ ताडपत्रीखाली सरकवला आणि पोरांना लांब उभं केलं.

गुरुवारी सकाळी हिंमतरावांच्या अंगणात पुन्हा तेवढीच माणसं जमली आणि तिन्ही तांबे आणून मांडले. खोलीतला तांब्या चकचकीत. पारावरचाही चकचकीत. ताडपत्रीखालचा काळा.

"पाहा!" महाराज उसळले. "सांगितलं होतं ना, पोत्यांत शिरलं!"

"बरोबर सांगितलंत," मी म्हणालो. "पोत्यांत आहे. पण ते शिरलं नाही, घातलं. पोत्यामागं चार."

अंगणात हशा झाला. पण शेवटचा शब्द माझा नव्हता. मयुरी आईचा हात धरून घरात गेली होती. ती देवघरातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक ॲल्युमिनियमची बाटली होती.

"गुरुजी, हे पाहा. भुताचा फोटो!"

बाटलीवर लाल चौकोनात कवटी होती, कवटीखाली दोन हाडं. गोळ्यांची रिकामी बाटली. घट्ट झाकणाची, हलकी, देखणी बाटली फेकून कशी द्यायची, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी ती विसळून समईच्या तेलाला घेतली होती. देवघरात, मधोमध. आणि महाराज तीन दिवस त्याच देवघरासमोर लोटांगण घालत होते.

अन्नपूर्णाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अवं माय! मले वाटलं कंपनीवाल्यानं भैरवनाथ छापला."

"वाच बरं, काय लिहिलंय," मी मयुरीला म्हणालो.

अक्षर मुंगीएवढं होतं, पण देवनागरी होतं. मयुरी ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. अजून अशक्त होती, तरी एकेक शब्द सुटा करून वाचू लागली. "केवळ... धान्याच्या... गोदामासाठी. राहत्या घरात... वापरू नये. प्रशिक्षित माणसाच्या... देखरेखीखाली. पाण्यापासून... व ओलाव्यापासून... दूर ठेवावे. विषारी वायू... निर्माण होतो. रिकामी बाटली... पुन्हा वापरू नये."

हिंमतरावांनी बाटली घेऊन डोळ्यांजवळ धरली. म्हणाले, "चौथीतल्या पोरीले वाचता आलं. मी सातवी शिकलो. मी वाचलंच नाई."

"महाराज," मयुरीनं विचारलं, "तुम्ही अदृश्य वाचता ना? मंग हे तं छापलेलं होतं."

महाराजांनी कमंडलू उचलला, कलश मात्र घाईत तिथंच राहिला. त्यांना चिखलीची जीप लगेच मिळाली. तरुण पोरांनी त्यांना अंगाला हात न लावता, पण फार आदरानं, अगदी बसवूनच दिलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रारही त्याच संध्याकाळी लिहिली. अर्ज चंद्रशेखरनं लिहिला, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

आता गुरुजी म्हटलं की शेवटी थोडं शिकवल्याशिवाय राहवत नाही.

मुलांनो, त्या घरात कोणी वाईट नव्हतं. आजोबांना वर्षभराचं धान्य वाचवायचं होतं. आजीला बाटली वाया घालवायची नव्हती. आपल्या घरांत धोका असाच येतो, चांगल्या कारणानं आणि आपल्याच हातानं. सरबताच्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल, न्हाणीत वाळत घातलेला फवारणीचा पंप, थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, बाजेखालची औषधाची अर्धी पुडी. या कशालाही मंत्र कळत नाही. उघडी खिडकी कळते, लांब ठेवलेली जागा कळते. घरात चारपाच जण एकदम आजारी पडले आणि बाहेर गेल्यावर बरे झाले, तर बाहेरच पडा, वारा येऊ द्या, आणि डॉक्टरांना घरात काय काय आहे ते सगळं सांगा, लाजू नका. चिखलीच्या डॉक्टरांना कोणी गोळ्यांचं सांगितलंच नव्हतं. आणि आज घरी गेलात की एकेक बाटली, एकेक डबा हातात घ्या, त्यावरचं आईला, आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांच्या डोळ्यांना ते दिसत नसेल. तुम्हाला दिसतं.

महाराजांचा कलश अन्नपूर्णाबाईंनी लांब काठीनं उचलून माझ्याकडं आणला होता. "गुरुजी, महाराज म्हणले होते याले शुद्ध कराले एकवीस दिवसांचा विधी लागते. आता कसं करू?"

"चिंच लावा आणि घासा."

त्यांनी ओसरीवर बसून घासायला घेतलं. अर्धा कलश उजळला तेव्हा मयुरीनं आजीचा हात धरला. "आजी, उरलेला काळाच राहू दे. शाळेत ठेवू. नवीन पोरं विचारतील, काऊन असा झाला? मंग मी सांगीन."

तो अर्धा काळा, अर्धा लख्ख कलश आता शाळेच्या खिडकीत आहे. पोरं विचारतात. मयुरी सांगते. सांगताना शेवटी न चुकता म्हणते, "अन् भुताचा फोटो तं बाटलीवरच होता."